नैनितालचे नाले

तलावाकाठच्या गावाविषयी लिहायला बसले की लेखणी आपोआप पाण्याकडे वळते. नैनितालविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यातही नौका, धुके, मॉल रोड आणि नैनादेवीचे मंदिर यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. प्रस्तुत लेखात मात्र मला तलावाविषयी कमी आणि तलावात उतरणाऱ्या नाल्यांविषयी अधिक लिहायचे आहे. साठाहून अधिक नाले भोवतालच्या डोंगरउतारांवरून या तलावात पाणी आणून सोडतात. कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत त्यांचे छायाचित्र नसते. तरीही या गावाचे दीडशे वर्षांहून अधिक काळचे स्थानिक स्वराज्य समजून घ्यायचे असेल, तर तलावापेक्षा हे नालेच अधिक काही सांगून जातात, असे माझे मत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवरचा हा तलाव कुमाऊंच्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता आणि पवित्र मानला जात होता. कुमाऊंचा कमिशनर जॉर्ज विल्यम ट्रेल, ज्याने १८१९ मध्ये या डोंगराळ मुलखात पटवारी नेमून महसुलाची घडी बसवली, त्यालाही हे स्थान माहीत होते. परंतु लोकभावनेचा मान राखून त्याने आपल्या देशबांधवांपाशी त्याचा फारसा गवगवा केला नाही, असे सांगतात. नोव्हेंबर १८४१ मध्ये शाहजहानपूरकडचा साखरेचा व्यापारी बॅरन येथे पोचला आणि 'पिलग्रिम' या टोपणनावाने त्याने या जागेची कीर्ती पसरवली. लवकरच कमिशनर लशिंग्टन याने स्वतःसाठी घर बांधण्यास प्रारंभ केला आणि जमिनीचे पट्टे दिले जाऊ लागले.

जमिनीच्या मालकीची एक हकिकत जुन्या नोंदींतून सापडते. तलावाभोवतालच्या डोंगरांवर नरसिंह नावाच्या स्थानिक थोकदाराचा हक्क होता. बॅरनने त्याला नावेत बसवून तलावाच्या मध्यावर नेले, नाव उलटण्याचे भय घातले आणि हक्क सोडल्याचे लिहून घेतले. पुढे याच नरसिंहाला पाच रुपये महिना पगारावर पटवारी नेमले, असेही सांगतात. ही कथा इंग्रजी लेखनात विनोद म्हणून येते. मला तीत विनोद दिसत नाही. ज्याचा डोंगर होता, तोच त्या डोंगराच्या नोंदी ठेवणारा पगारी नोकर झाला. गावाचा पाया असा घातला गेला, हे लक्षात ठेवूनच पुढचा इतिहास वाचला पाहिजे.

१८४२ चा दहावा कायदा हा बंगाल इलाख्यातील शहरांसाठी केलेला आरंभीचा नगर कायदा. गावातील दोन तृतीयांश घरमालकांनी मागणी केली, तरच तो लागू होई. मैदानी शहरांतील रहिवाशांनी त्याकडे पाठ फिरवली, कारण त्यात कर होता. मसुरी आणि नैनिताल या डोंगरी वसाहतींनी मात्र तो स्वीकारला. नैनितालची नगरसमिती १८४५ मध्ये स्थापन झाली. म्हणजे लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव १८८२ मध्ये येण्यापूर्वी सदतीस वर्षे हे गाव स्वतःवर कर बसवून रस्ते आणि नाले बांधत होते. अर्थात 'स्वतः' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. पट्टेदार आणि बंगलेवाले म्हणजेच गाव, अशी ती व्याख्या होती. पुढच्या काळात वरचा मॉल साहेबांचा आणि खालचा इतरांचा, अशी विभागणी याच गावात रूढ झाली.

१८६२ पासून नैनिताल हे वायव्य प्रांताचे उन्हाळी शासनस्थान झाले आणि बांधकामाला वेग आला. घरासाठी जागा सपाट करायची तर उतार कापावा लागतो, आणि रस्ता काढायचा तर पुन्हा उतार कापावा लागतो. झाडे तुटतात आणि पावसाचे पाणी पूर्वी जेथून वाहून जात असे तेथे भिंत उभी राहते. १८६७ च्या सुमारास एक दरड कोसळली. समिती नेमली गेली, काही उपाय सुचवले गेले. मग आला सप्टेंबर १८८०.

गुरुवार, १६ सप्टेंबरच्या सायंकाळी पाऊस सुरू झाला आणि रविवारपर्यंत एकूण ३३ इंच कोसळला. त्यातला २० ते २५ इंच पाऊस शनिवारपर्यंतच्या केवळ चाळीस तासांत पडला. शनिवारी सकाळी शेर-का-डांडा डोंगराच्या उतारावर व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे एक लहान दरड आली आणि काही माणसे गाडली गेली. असिस्टंट कमिशनर लिओनार्ड टेलर मजूर, शिपाई आणि सैनिक यांना घेऊन ढिगारा उपसण्यासाठी गेले. दुपारी दीडच्या सुमारास संपूर्ण उतारच सुटला. हॉटेल, दुकान, मंदिर आणि सभागृह हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत तलावाच्या दिशेने गेले. १५१ माणसे मरण पावली, त्यांत १०८ भारतीय होते. टेलरही परतले नाहीत. सरकारी नोकरीतील माणसाने या नावापाशी क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

त्या दरडीच्या मातीने तलावाच्या उत्तर टोकाला जी जमीन रुंदावली, तिला आज 'फ्लॅट्स' म्हणतात. गावाचे सारे सामुदायिक जीवन याच मैदानाभोवती आहे. नव्याने बांधलेले नैनादेवीचे मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि मेथॉडिस्ट चर्च ही एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभी आहेत. भाद्रपदात येथे नंदादेवीचा महोत्सव होतो. १९१८ पासून कार्यरत असलेली श्रीराम सेवक सभा तो भरवते. केळीच्या खांबांपासून नंदा आणि सुनंदा यांच्या मूर्ती घडवतात आणि अखेरीस त्या तलावात विसर्जित करतात. आपल्याकडे गौरी-गणपती येतात त्याच दिवसांत हा उत्सव असतो, त्यामुळे येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला तो अनोळखी वाटत नाही. इतर दिवशी तेथे फुटबॉल आणि हॉकीचे सामने चालतात, आणि हंगामात मोटारींची रांग. ज्या भूमीवर गाव एकत्र येते, ती भूमीच एका आपत्तीने निर्माण केलेली आहे.

आपत्तीनंतर सरकारने काय केले? गाव हलवण्याची चर्चा झाली, पण गाव हलले नाही. भूशास्त्रज्ञांनी पाहणी केली आणि निष्कर्ष साधा निघाला: डोंगरात पाणी मुरू देऊ नका, ते उतारावरून लवकरात लवकर खाली आणा. त्यातून दगडी नाल्यांचे ते प्रसिद्ध जाळे उभे राहिले. मुख्य नाले, त्यांना मिळणाऱ्या शाखा आणि वाटेत गाळ अडवणारे खड्डे अशी ती रचना. १८९८ मध्ये गावाबाहेर, तलावाचे पाणी जेथून निघते त्या बलिया नाल्याच्या खोऱ्यात पुन्हा दरड कोसळून जीवितहानी झाली. १९२७ मध्ये डोंगरउतारांच्या सुरक्षिततेसाठी तज्ज्ञांची समिती स्थापन झाली. नाल्यांची नियमित पाहणी आणि पावसाळ्यापूर्वी सफाई हा गावाच्या वार्षिक दिनक्रमाचा भाग बनला. तल्लीतालच्या बाजूला, ज्याला स्थानिक लोक 'डांठ' म्हणतात, तेथील दारांमधून तलावाची पातळी महिन्यागणिक किती ठेवायची याचेही कोष्टक ठरलेले होते.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दोन शब्द सांगावेसे वाटतात. नाला ही विचित्र वस्तू आहे. माझ्या घरावरून जाणारा नाला मी स्वच्छ ठेवला, तर त्याचा लाभ खालच्या घराला होतो. माझ्या बांधकामाचा राडारोडा मी त्यात लोटला, तर वाहतुकीचा खर्च माझा वाचतो आणि गाळ तलावाच्या वाट्याला येतो. लाभ एकाचा आणि तोटा सर्वांचा, असा हा व्यवहार बाजारावर सोडून सुटत नाही. म्हणूनच नगरपालिका लागते. पण नगरपालिकेपुढेही अडचण आहेच. नवा पूल किंवा नवी इमारत यांचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. चाळीस वर्षे न तुंबलेल्या नाल्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. सरकारी अर्थसंकल्पाशी माझा जेवढा संबंध आला, त्यात काटकसरीची वेळ आली की सर्वप्रथम कात्री लागणारी बाब 'देखभाल व दुरुस्ती' हीच असल्याचे मी पाहत आलो आहे. ती कापली तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बिघडते ते दहाव्या वर्षी, आणि तोवर कापणाऱ्याची बदली झालेली असते.

वसाहतकाळातील मंडळाला हे जमले, याचे कारण त्याची थोरवी नव्हे. मतदार मोजके होते, करदाते तेच होते, आणि दरड कोसळली तर गाडली जाणारी मालमत्ताही त्यांचीच होती. खर्च, निर्णय आणि जोखीम एकाच हाती होती. त्या हातांत मजुराचा, हमालाचा वा दुकानदाराचा हात नव्हता, हे तितकेच खरे. १९१६ च्या संयुक्त प्रांत नगरपालिका कायद्यानंतर हे वर्तुळ हळूहळू रुंदावले. जिम कॉर्बेट यांनीही या नगरपालिकेच्या मंडळावर काम केले. ज्यांचा पुतळा मल्लीतालमध्ये उभा आहे, ते गोविंद वल्लभ पंत याच परिसरातून प्रांताच्या राजकारणात गेले. कुमाऊंच्या पंत घराण्यांचे मूळ कोकणात असल्याची परंपरागत समजूत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव जवळचे वाटावे.

स्वातंत्र्यानंतर वर्तुळ रुंद झाले, पण अधिकार मात्र विखुरले. तलावाची दारे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, पिण्याचे पाणी जल संस्थानाकडे, बांधकाम परवाने विकास प्राधिकरणाकडे, जंगल वन खात्याकडे, आणि कचरा, दिवे, नौकांचे परवाने नगरपालिकेकडे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, परंतु खात्यांनी आपल्या किल्ल्या सहजी दिल्या नाहीत. त्याच सुमारास एका नागरिकाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९५ च्या निकालात न्यायालयाने मैला तलावात जाऊ न देण्याचे, गावात बहुमजली संकुलांना मनाई करण्याचे आणि बलिया खोऱ्याची काळजी घेण्याचे निर्देश दिले. त्यांत आणखी एक निर्देश होता: नाल्यांवर बांधकामाचे साहित्य रचू नये. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका छोट्या गावाच्या नालेसफाईत लक्ष घालावे लागले, यातच स्थानिक प्रशासनाच्या स्थितीचे वर्णन आले.

त्यानंतर उपाय झाले नाहीत असे नाही. २००७ मध्ये तलावाच्या तळाशी हवा सोडण्याची यंत्रणा सुरू झाली आणि पाण्यात प्राणवायू वाढला. २०१७ मध्ये तलावाची जबाबदारी बांधकाम खात्याकडून सिंचन खात्याकडे गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पातळी इतकी घसरली की काठाशी मातीचे त्रिकोण उघडे पडले. १८ ऑगस्ट २०१८ रोजी खालच्या मॉलचा सुमारे २५ मीटरचा तुकडा तलावात खचला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जवळच्या मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला, तलावाचे पाणी रस्त्यावर आले आणि गावाचा संपर्क तुटला. तेव्हाही दुकानदार आणि नागरिक प्रथम एकमेकांच्या मदतीला धावले. कोणत्या खात्याचा नाला कोणता, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

२०११ च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या ४१,३७७ होती. हंगामात त्याहून कितीतरी अधिक माणसे येथे येतात, पाणी वापरतात, कचरा करतात आणि निघून जातात. त्यांना मत नाही आणि घरपट्टीही नाही. म्हणून गावाच्या वेशीवरील लेक ब्रिजची चुंगी केवळ उत्पन्नाची बाब नव्हती, येणाऱ्याने गावाच्या देखभालीत वाटा उचलावा हे तत्त्व तिच्यामागे होते. ते पैसे नाल्यांपर्यंत पोचतात की नाही, हे तपासणे सभासदांचे काम, आणि सभासदांना विचारणे रहिवाशांचे.

हा शेवटचा मुद्दा घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या सर्वांना लागू आहे. बदलीच्या नोकरीतील अधिकारी असो वा परप्रांतात स्थिरावलेला मराठी व्यापारी, आपण ज्या शहरात राहतो तेथील नगरपालिका आपल्याला बहुधा 'त्यांची' वाटते. महाराष्ट्र मंडळाची निवडणूक आपण हिरिरीने लढवतो, पण वॉर्डाच्या सभासदाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. नैनिताल हे गाव बाहेरून आलेल्यांनीच वसवले. त्यांपैकी अनेकांनी केवळ उपभोग घेतला, काहींनी अन्यायही केला. पण ज्यांनी पावसाळ्यापूर्वी नाल्यांवरून चालत जाऊन कोठे दगड निखळला आहे ते पाहिले आणि त्याची नोंद केली, त्यांच्यामुळे हे गाव टिकले. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. पुढल्या ज्येष्ठात आपापल्या गल्लीतील नाला उघडा आहे का, हे एकदा पाहावे आणि नसल्यास नगरपालिकेत लेखी अर्ज द्यावा, एवढीच वाचकांना विनंती.