भेंडीचा डबा, कापलेली टेप आणि ‘कॅन’चे कानसेन

आजच्या भागाची सुरुवात भेंडीच्या डब्यापासून. हो, बरोबर ऐकलंत, भेंडीच.

१९७२ साली जर्मनीत एक रॉक अल्बम आला. मुखपृष्ठावर ना बँडचा फोटो, ना गिटार. होता फक्त भेंडीचा हवाबंद डबा! अल्बमचं नाव ‘एगे बाम्यासी’, म्हणजे तुर्की भाषेत एजियन समुद्राकडची भेंडी. बँडचं नाव ‘कॅन’. इंग्रजीत याचा एक अर्थ डबा. पण तुर्कीत हीच अक्षरं ‘जान’ अशी वाचतात आणि अर्थ होतो जीव. आपल्याकडचा ‘जान’ आणि हा ‘जान’ एकच, दोघंही फारसीतून आलेले.

हा तुर्की डबा जर्मनीतल्या कोलोन शहरात आला कसा? १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांच्यामागून त्यांची दुकानं आली, दुकानांतून डबे आले. त्यातला एक या मंडळींच्या नजरेस पडला आणि थेट मुखपृष्ठावर गेला. कॅनचा स्वभाव असाच. समोर येईल ते घ्यायचं आणि त्यातून काहीतरी वेगळंच करायचं.

आता ही मंडळी कोण? बँड सुरू झाला १९६८ साली, कोलोनमध्ये. कीबोर्डवर इरमिन श्मिट, बासवर होल्गर चुकाय. दोघंही कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन या आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी. ड्रमवर याकी लीबेत्साइट, फ्री जॅझमधून आलेला. हे तिघं तिशीतले, म्हणजे युद्धात बालपण गेलेली पिढी. चौथा गिटारवाला मिखाएल कारोली, तो जेमतेम विशीतला आणि चुकायचा शिष्य. पण इथे गंमत उलटी झाली. या शिष्यानेच गुरूला बीटल्स ऐकवले आणि गुरूला वाटलं, अरे, रॉकमध्येही असं काही होऊ शकतं!

त्या पिढीपुढे एक अवघड प्रश्न होता. आई-वडिलांच्या काळातलं संगीत नाझी राजवटीने डागाळलेलं. मग करायचं काय? अमेरिकन आणि ब्रिटिश बँडची नक्कल? कॅनने दोन्ही वाटा सोडल्या. पुढारी कोणी नाही, आधी लिहिलेलं गाणं नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, तासन्‌तास वाजवायचं आणि टेप चालू ठेवायची.

पुढे चुकायची कात्री चालायची. कॅनचं खरं कसब या कात्रीत आहे, म्हणून इथे जरा थांबू. त्यांच्याकडे फक्त दोन ट्रॅकचं टेप मशीन होतं. म्हणजे आजच्यासारखं प्रत्येक वाद्य वेगळं काढून दुरुस्त करायची सोय नाही. सगळे एकत्र वाजवणार आणि ते तसंच टेपवर उतरणार. मग त्या लांबलचक टेपमधले जमलेले तुकडे चुकाय अक्षरशः कापायचा आणि एकमेकांना जोडायचा. दोन गाण्यांच्या मधे सगळे निवांत वाजवत असताना तो गुपचूप रेकॉर्डिंगही करून ठेवायचा. नेमकं तेच कधीकधी अल्बममध्ये यायचं!

पहिला अल्बम ‘मॉन्स्टर मूव्ही’, १९६९. गायक होता माल्कम मूनी, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय शिल्पकार. रेकॉर्डिंग कुठे, तर कोलोनजवळच्या नॉर्वेनिख नावाच्या जुन्या वाड्यात. कंपनीची वाट न बघता बँडने स्वतःच ५०० प्रती काढल्या. थोड्याच काळात मूनीची मानसिक प्रकृती बिघडली आणि तो अमेरिकेला परतला.

मग आला १९७०चा मे महिना. चुकाय आणि लीबेत्साइट म्युनिकमध्ये एका कॅफेबाहेर बसलेले. रस्त्यावर एक जपानी मुलगा ओरडून गात होता. त्याला त्यांनी विचारलं, आज रात्री आमच्याबरोबर गातोस का? तालीम नाही, काही नाही. त्याच रात्री डामो सुझुकी कॅनचा गायक म्हणून स्टेजवर!

डामोबरोबरचे तीन अल्बम म्हणजे चाहत्यांसाठी काळजाचा तुकडा. ‘टागो मागो’ (१९७१), ‘एगे बाम्यासी’ (१९७२) आणि ‘फ्यूचर डेज’ (१९७३). कोणता भारी यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. टागो मागोवाले म्हणतात, ‘हालेलूवा’ ऐका. अठरा मिनिटांहून जास्त वेळ लीबेत्साइट एकच ताल धरून बसलाय आणि तरी कंटाळा येत नाही. एगे बाम्यासीवाले म्हणतात, सगळा कस छोट्या गाण्यांत आहे. यातलं ‘स्पून’ एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि जर्मनीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. फ्यूचर डेजवाले वाद घालत नाहीत, डोळे मिटून ऐकत बसतात. त्या अल्बमची एक अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांचा एकच तुकडा. त्यानंतर डामोही बँड सोडून गेला आणि १९७९ पर्यंत कॅनचा कारभार आटोपला.

आता मुद्द्याची गोष्ट. जर्मनीबाहेर हा बँड कधीच घराघरांत पोचला नाही. ब्रिटनमध्ये त्यांचं एकच गाणं यादीत वर गेलं, १९७६ मध्ये, तेही २६व्या क्रमांकापर्यंत. ब्रिटिश संगीतपत्रांनी या सगळ्या जर्मन संगीताला नाव दिलं ‘क्राउटरॉक’. ‘क्राउट’ म्हणजे कोबी, आणि युद्धकाळात जर्मनांना हिणवायला वापरलेला शब्द. म्हणजे नावातच टोमणा.

मग हे अल्बम टिकले कसे? आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. कॅनला कानसेन भेटले. १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन लंडनच्या रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड वाजवायला बसला, तेव्हा त्याने कॅन लावलं. लांबलचक गाण्यांना शिव्या घालणाऱ्या पंकचा हा सर्वांत मोठा चेहरा! ‘द फॉल’ या बँडने १९८५ मध्ये डामो सुझुकीच्या नावाने गाणं केलं. १९९५ मध्ये ज्यूलियन कोप या ब्रिटिश गायकाने चाहत्याच्या भाषेत या संगीतावर पुस्तक लिहिलं. २००७ मध्ये कान्ये वेस्टने एगे बाम्यासीतला तुकडा आपल्या गाण्यात वापरला. एका कानातून दुसऱ्या कानात, असा हा प्रवास.

पण मला सगळ्यात भावते ती दुसऱ्या चाहत्यांची गोष्ट, ज्यांचं नाव कुठे झळकत नाही. कॅनचे अल्बम म्हणजे कापून, निवडून ठेवलेला अर्क. मैफलीत मात्र ते दीड-दोन तास थेट वाजवायचे, आज वाजलेलं उद्या तसंच वाजेल याची खात्री नाही. त्यांच्या कार्यक्रमांचं चांगलं अधिकृत रेकॉर्डिंग फारसं नव्हतं. ते केलं काही चाहत्यांनी. कपड्यांत टेपरेकॉर्डर लपवून आत न्यायचे आणि अंधारात बटण दाबायचे. नियमाने बघाल तर ही चोरीच.

पुढे काय झालं बघा. २०१२ मध्ये बँडच्या स्वतःच्या स्टुडिओत सापडलेल्या, तीस तासांहून जास्त लांबीच्या टेपमधून ‘द लॉस्ट टेप्स’ हा संच निघाला. आणि २०२१ पासून कॅनच्या मैफलींची अधिकृत मालिका सुरू झाली. श्टुटगार्ट १९७५, ब्रायटन १९७५, कुक्सहाफन १९७६ अशी. त्यासाठी मोठा आधार होता तो चाहत्यांनी लपूनछपून केलेल्या रेकॉर्डिंगचा. म्हणजे ज्यांना दारावर पकडलं असतं, त्यांच्याच टेप बँडला मागून घ्याव्या लागल्या!

तोवर कारोली गेला होता, २००१ मध्ये. लीबेत्साइट आणि चुकाय दोघंही २०१७ मध्ये गेले. २०२४ मध्ये डामोही गेला. चौघंही आता पुन्हा एकत्र वाजवणार नाहीत. पण त्या एका रात्री ते कसे वाजले, हे आज आपण फोनवर ऐकू शकतो, कारण पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी खुर्चीत हलायचं टाळून टेप सांभाळली.

इतिहास लिहिताना आपण बहुतेक वेळा करणाऱ्यांची नावं घेतो. या बँडच्या इतिहासात अर्धी बाजू कापणाऱ्याची आहे आणि अर्धी जपणाऱ्यांची. चुकायने जे कापलं त्यातून अल्बम झाले. चाहत्यांनी जे न कापता ठेवलं त्यातून बँड खरा कसा होता ते कळलं. दोन्ही हवंच.

ऐकायला कुठून सुरुवात करायची? आधी ‘स्पून’, तीन मिनिटांचं आहे, दमणार नाही. मग ‘व्हिटॅमिन सी’. तो ताल अंगात भिनला की ‘हालेलूवा’, तेही हेडफोन लावून आणि नोटिफिकेशन बंद करून. शेवटी श्टुटगार्टची मैफल. तेवढं झालं की कोणता अल्बम भारी, ते कॉमेंटमध्ये कळवा. वाद घालायला आम्ही तयार आहोत.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!