बंगलीपासून भागपत्रापर्यंत : वांद्र्यातील घरखरेदीचा इतिहास

मुंबईत फ्लॅट विकत घेणे ही गोष्ट आज इतकी सर्वसामान्य झाली आहे की, ही प्रथा केव्हा व कशी सुरू झाली, असा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत शहरात 'घर घेतले' याचा अर्थ भाड्याने घेतले असाच होत असे. विकत घेतली जाई ती जमीन. ज्याच्याखाली स्वतःची माती नाही आणि ज्याच्यावर स्वतःचे छप्पर नाही, असा तिसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा तुकडा आयुष्यभराची पुंजी ओतून विकत घ्यावा, ही कल्पना त्या पिढीला विचित्रच वाटली असती. ती रुळली कशी, आणि रुळता रुळता तिने 'शेजारी' या शब्दाचा अर्थ कसा पालटला, हे पाहण्यासाठी आम्ही वांद्रे निवडले आहे. कारण मुंबईच्या कॅथलिक समाजाने घराविषयी जे जे प्रयोग केले, त्यांतील बहुतेकांच्या खुणा तेथे सापडतात.

जुने वांद्रे म्हणजे पाखाड्यांचे गाव. रनवार, शेर्ली, राजन, पाली, वरोडा, चिंबई ही नावे आजही जिभेवर आहेत. भातखाचरे, ताडामाडांची झाडे, कोळ्यांची वस्ती आणि संत आंद्रे यांचे पोर्तुगीजकालीन ख्रिस्तमंदिर असा तो परिसर होता. 1845 मध्ये माहीमचा बांध झाला आणि खाडी ओलांडणे सोपे झाले. पुढच्या दोन दशकांत आगगाडी आली. तरीही वांद्र्याला शहराचा विस्तार बनविले ते 1896 च्या प्लेगने. गिरगाव, कावेल, माझगाव येथील कोंदट चाळींतून माणसे मोकळ्या हवेच्या शोधात उत्तरेकडे सरकू लागली. त्यांत सरकारी कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून लेखनिकी करणारे गोव्याचे आणि मंगळूरचे कॅथलिक पुष्कळ होते.

या नव्या मंडळींना शेत नको होते. कचेरीपासून गाडीच्या अंतरावर, पगारात परवडेल असे घर हवे होते. मार्ग सापडला तो सहकारातून. 1904 च्या कायद्याने केवळ पतपेढ्यांना मान्यता दिली होती. 1912 च्या कायद्याने इतर उद्देशांसाठीही सहकारी संस्था स्थापन करण्याची वाट मोकळी झाली. 1915 मध्ये श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तीन वर्षांनी, 1918 मध्ये, वांद्र्यात साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. गावदेवीच्या संस्थेत इमारतच संस्थेची आणि सभासद तिचा भागीदार-भाडेकरू होता. वांद्र्यात जमीन संस्थेची, भूखंड भाडेपट्ट्याने सभासदाचा, आणि बंगली त्याने आपल्या कुवतीप्रमाणे बांधलेली. एकट्या कारकुनाला जी जमीन मिळाली नसती, ती शंभरांच्या भागभांडवलाने मिळाली.

संस्थेच्या नावातील 'कॅथलिक' हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. 1887 मध्ये मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, ते मुळी गोव्याहून आलेल्या बंधूंपासून आपण निराळे आहोत हे सरकारच्या ध्यानी यावे म्हणून! एकाच कम्युनियनच्या रांगेत उभे राहणारे हे लोक सोयरिकीच्या वेळी मात्र एकमेकांची वाट टाळत असत. गृहनिर्माणात धर्माचे नाव पुढे आल्याने निदान कुंपणाला कुंपण लागले. म्हणजे ज्याला आपण आज 'आपल्या माणसांची वसाहत' म्हणतो, तीही एके काळी परक्यांनाच एकत्र करून बनली होती. ही गोष्ट आपण पार विसरलो आहोत.

पुढच्या काळात पाखाड्यांतील घरमालकांवर वेगळाच प्रसंग आला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकले. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतरचा निर्वासितांचा लोंढा लक्षात घेता भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु तळमजला भाड्याने देऊन त्यावर गुजराण करणाऱ्या ईस्ट इंडियन विधवेला त्या भाड्यात पुढे कौले बदलणेही जमेना. नवे भाडेकरू पागडी मोजून येऊ लागले, आणि ही पागडी कायद्याच्या नजरेआड असल्याने तिची पावती मिळत नसे. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती 1999 च्या कायद्याने, म्हणजे अर्धशतक उलटल्यावर.

दुसरा प्रसंग घरातलाच. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगे-मुली समान वाटेकरी. न्यायाच्या दृष्टीने हा कायदा उत्तमच. मुलीला समान वाटा देणारे हे तत्त्व आमच्या समाजात इतरांच्या कितीतरी आधी आले, याचा आम्हांला अभिमान आहे. पण एक बंगली आणि सहा वारस, त्यांतील दोघे टोरोंटोला नि एक कुवेतला, हे गणित दगडामातीच्या घरात सुटत नाही. ते सुटते पैशात, नाही तर फ्लॅटमध्ये. वांद्र्याच्या बंगल्या बिल्डरांनी गिळल्या असे सर्रास म्हटले जाते. आमच्या मते त्यांतील कित्येक आधी वाटणीपत्रावर पडल्या होत्या. बिल्डरचा हातोडा नंतर आला.

फ्लॅटविक्रीला सुरुवात झाली तेव्हा खरेदीदाराचे हाल होते. पैसे घेऊन करार न करणे, नकाशा एक नि बांधकाम दुसरे, एकच सदनिका दोघांना विकणे, या तक्रारींतूनच 1963 चा मालकी सदनिका कायदा जन्मला. आगाऊ रक्कम किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक घ्यायची असेल तर आधी लेखी करार करून तो नोंदविणे बिल्डरवर बंधनकारक झाले. सदनिकाधारकांची संस्था स्थापून जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. अनेकांनी ती पाळली नाही. त्यामुळे मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद 2008 मध्ये करावी लागली, आणि 2016 च्या केंद्रीय कायद्यानंतर आगाऊ रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आली.

कायद्याच्या जोडीला कर्ज आले. 1977 मध्ये एच. टी. पारेख यांनी केवळ घरकर्जे देणारी वित्तसंस्था काढली. तोपर्यंत निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीतून जे घर होई, ते आता तिशीतला नोकरदार हप्त्यांवर घेऊ लागला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकासहक्क आणले. एकीकडे आरक्षणासाठी सोडलेल्या जमिनीचा मोबदला उपनगरात जादा मजल्यांच्या रूपाने वापरता येऊ लागला आणि चार मजली इमारतीसुद्धा पाडण्याजोग्या ठरू लागल्या. शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल वाढत होते. 2009 मध्ये सागरी सेतू खुला झाला, तेव्हा वांद्र्यातील घर वांद्र्याच्या मुलाला परवडण्याचे दिवस बहुतांशी संपले होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सहकारी संस्थेत फ्लॅट घेणारा मनुष्य काय विकत घेतो? कागदोपत्री तो जुन्या उपविधींप्रमाणे पन्नास रुपयांचे पाच भाग घेतो, आणि त्या अडीचशे रुपयांच्या भागपत्राच्या आधारे त्याला सदनिकेत राहण्याचा हक्क मिळतो. म्हणजे तो भिंतींआधी सभासदत्व विकत घेतो. मग सभासद कुणाला करावे हे कोणी ठरवायचे? 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 23 सांगते की, पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. परंतु पात्रताच उपविधींत धर्माने ठरवली असेल तर? हा प्रश्न अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका सभासदाला आपली मालमत्ता पारशी नसलेल्यांना विकावयाची होती. गुजरात उच्च न्यायालयाने संस्थेचे म्हणणे फेटाळले; 15 एप्रिल 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला. राज्यघटनेतील भेदभावाला बंदी करणारी तरतूद शासनाला बांधते, सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे, असा त्यामागील एक विचार होता.

आमच्यातील अनेकांना हा निकाल दिलासा देणारा वाटला. वांद्र्याचे उरलेसुरले कॅथलिकपण या उपविधीने टिकेल अशी आशा त्यामागे होती, आणि ती आशा आम्ही क्षुद्र मानत नाही. क्रूसापुढची नोव्हेना, दफनाला धावून येणारी गल्ली, आजारी वृद्धेसाठी कम्युनियन घेऊन येणारे धर्मगुरू या सर्व गोष्टींना माणसांची दाटी लागते. पण निकालाची दुसरी धार आपल्याच मुलांच्या वाट्याला येते. मुंबईत ज्या इमारतींत 'मांसाहारी चालणार नाही' असे दलाल फोनवरच सांगतो, तेथे आडनाव ऐकताच दार बंद होते. मुसलमान कुटुंबाला तर आडनाव पुरते सांगण्याचीही संधी मिळत नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांतून कित्येक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्र्याचा रस्ता धरला, तेव्हा फ्लॅट निवडताना त्यांनी हवा-उजेड पाहिला नव्हता. जो उपविधी वांद्र्यात आपल्याला कुंपण वाटतो, तोच मलबार हिलच्या दारावर आपल्यासाठी कुलूप होतो. दोन्हींना एकाच न्यायाने मापावयाचे असेल तर आपण कोणत्या बाजूने साक्ष देणार?

व्यवहारात याचे उत्तर बहुधा बाजाराने दिले. दोन खरेदीदारांत किमतीचा फरक मोठा असला की, धर्मबंधूला विकण्याचा आग्रह सहसा पहिल्या बैठकीपलीकडे टिकत नाही. आणि जे शेजारी आले ते सगळेच परके राहिले असेही नाही. वांद्र्यात फाळणीनंतर सिंधी आले, पारशी व बोहरी तर आधीपासून होते. सप्टेंबरमधील मोतमाऊलीच्या यात्रेत मेणबत्त्या लावणाऱ्यांत आपल्या धर्माचे नसलेले हजारो असतात.

वांद्र्यातून निघालेली कुटुंबे बोरिवली, मीरा रोड करीत आमच्या वसईपर्यंत पोहोचली. 1990 मध्ये सिडको येथे नियोजन प्राधिकरण म्हणून आली, त्याआधीच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. तिने पुष्कळ वाचविले, सर्व वाचले नाही. स्टेशनलगतच्या धर्मग्रामांत मराठीबरोबर कोकणी नि इंग्रजी मिस्सा सुरू झाल्या. आता या भागात वाडी विकासाला देऊन त्याच इमारतीत दोन फ्लॅट घेणारी कुटुंबे आहेत. त्यांचे नाव सातबारावरून उतरते आणि संस्थेच्या सभासद-नोंदवहीत, वर गुजराती, खाली मल्याळी, मध्ये आपण, असे मजल्याच्या क्रमाने लिहिले जाते.