सदाफुली आणि पेशीचं घड्याळ

आमच्या सोनिवलीच्या सोसायटीत गेटपाशी एक सदाफुली आहे. लावली कोणी माहीत नाही, पाणीही कोणी घालत नाही, तरी बारा महिने फुललेली. समोरच्या काकूंच्या नातवाला ल्युकेमिया निघाला, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्याच्या फायलीत मला ‘व्हिन्क्रिस्टिन’ हे नाव दिसलं. हे औषध याच झाडाचं! मग काय, अख्खा वीकेंड वाचण्यात गेला.

१९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीत डायबेटिसचं औषध शोधत होते. (आपल्याकडेही त्यासाठी हिची पानं खायला सांगणारे असतातच.) उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं. १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे दोर असतात, ते हे औषध बनूच देत नाही. पेशी तिथेच अडकते आणि मरते.

गंमत म्हणजे, पेशीला ‘आता दोन हो’ असं सांगतं कोण, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातलं सायक्लिन हे प्रथिन टिम हंट यांना सापडलं १९८२ मध्ये, तेही सी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांत. हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत त्यांना २००१ चं नोबेल मिळालं. थोडक्यात, रूट कॉज कळायच्या वीसेक वर्षं आधीच पॅच प्रॉडक्शनमध्ये!

आता रूट कॉज. सायक्लिन डी आणि सीडीके४ ही जोडी म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पी१६ हे प्रथिन म्हणजे ब्रेक. टी पेशींच्या ल्युकेमियात पुष्कळदा पी१६ चं जनुकच गायब असतं. मँटल सेल लिम्फोमात ११ आणि १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि सायक्लिन डी१ चं बटण कायमचं ऑन राहतं. रक्ताच्या पेशी मुळातच फिरत्या, त्यामुळे पसरायला त्यांना वेगळी वाट शोधावी लागत नाही. बोन मॅरो भरला की रक्तात, कधी मेंदूभोवतीच्या पाण्यातसुद्धा.

टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास लहान मुलांसाठी ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती सुरू केली. त्यातही व्हिन्क्रिस्टिन होतंच. त्याआधी पाचातलं जेमतेम एखादं मूल वाचायचं, ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं.

परवा काकू म्हणाल्या, “अरे, महिन्याभरात रिपोर्ट क्लीन आला. आता कशाला त्या पोराला छळायचं?” मी त्यांना सांगितलं, “काकू, हे औषध दोन होणाऱ्या पेशीलाच पकडतं. जी पेशी झोपून आहे ती सुटते, आणि नंतर जागी होते. म्हणून दोन-अडीच वर्षं वेगवेगळी औषधं देत राहतात. मध्येच सोडू नका.” काकू काही बोलल्या नाहीत.

आज सकाळी मात्र नातवाला घेऊन त्या रिक्षात बसताना दिसल्या. हातात तीच फाईल.

असो. सदाफुलीला आता मी पाणी घालतो.