आयपी पत्ता संघर्ष

एकाच स्थानिक नेटवर्कमधील दोन किंवा अधिक उपकरणे एकच आयपी पत्ता वापरू लागल्यास निर्माण होणाऱ्या स्थितीला आयपी पत्ता संघर्ष असे म्हणतात. त्यांपैकी एक उपकरण सर्व्हर असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या संगणकांचा संपर्क अनियमितपणे तुटतो आणि काही वेळाने आपोआप पूर्ववत होतो. लहान कार्यालयांत फायली, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर बहुधा एकाच सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे या बिघाडाचा परिणाम सर्व कामकाजावर होतो. नोंद लिहिली जात असतानाच संपर्क तुटल्यास सामायिक फाइल खराब होण्याचाही धोका असतो.

कार्यपद्धती

स्थानिक नेटवर्कमध्ये माहिती प्रत्यक्षात आयपी पत्त्यावर नव्हे, तर उपकरणाच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर पाठवली जाते. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचे काम एआरपी हा प्रोटोकॉल करतो. त्याचे वर्णन १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या दस्तऐवजात करण्यात आले. एखाद्या संगणकाला १९२.१६८.१.१० या पत्त्याशी संपर्क साधायचा असल्यास तो हा पत्ता कोणाचा आहे, अशी विचारणा सर्व उपकरणांना करतो आणि मिळालेले उत्तर आपल्या एआरपी तक्त्यात तात्पुरते साठवतो.

आलेले उत्तर खऱ्या मालकाचे आहे की नाही, हे तपासण्याची सोय एआरपीमध्ये नाही. दोन उपकरणांनी उत्तर दिल्यास अनेक प्रणालींत नंतर आलेले उत्तर आधीच्या नोंदीची जागा घेते. त्यानंतर सर्व्हरसाठीची माहिती दुसऱ्याच उपकरणाकडे जाऊ लागते. त्या उपकरणाला चालू टीसीपी जोडणीची काहीच माहिती नसल्याने ते ती जोडणी नाकारणारा संदेश पाठवते आणि जोडणी तत्काळ तुटते. त्या उपकरणावरील फायरवॉलने माहिती उत्तर न देता टाकून दिल्यास जोडणी प्रतीक्षाकाळ संपल्यावर बंद पडते.

प्रत्येक संगणकाचा एआरपी तक्ता स्वतंत्र असतो आणि त्यातील नोंदींची मुदतही वेगवेगळ्या वेळी संपते. विंडोजच्या व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही मुदत सामान्यतः १५ ते ४५ सेकंदांच्या दरम्यान यादृच्छिकपणे ठरते. त्यामुळे एका टेबलावरील संगणकाचा संपर्क तुटलेला असताना शेजारच्या संगणकावर काम सुरळीत चालू असू शकते.

कारणे

लहान कार्यालयांतील नेहमीचे कारण म्हणजे सर्व्हरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या कक्षेत असणे. डीएचसीपी ही पत्ते आपोआप वाटणारी सेवा असून लहान कार्यालयांत ती बहुधा राउटरवरच चालते. पत्ता देण्यापूर्वी तो वापरात नाही ना, हे तपासावे, अशी शिफारस आरएफसी २१३१ (१९९७) मध्ये आहे. मात्र त्या वेळी सर्व्हर बंद असल्यास किंवा त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसल्यास तो पत्ता मोकळा समजला जाऊ शकतो.

याशिवाय पुढील कारणे आढळतात :

• नेटवर्कमध्ये दुसरा राउटर जोडला जाऊन दोन डीएचसीपी सेवा एकाच वेळी चालू होणे.
• वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू झालेल्या राउटरजवळ पूर्वीच्या वाटपाची नोंद न राहणे.
• प्रिंटर, कॅमेरा किंवा हजेरीयंत्राला नोंद न ठेवता हाताने पत्ता देणे.

निदान

१. विंडोज सर्व्हरच्या सिस्टीम नोंदवहीत ४१९९ क्रमांकाची घटना पाहावी. ती पत्ता संघर्ष आढळल्याचे दर्शवते.
२. संपर्क तुटलेला असतानाच त्या संगणकावर एआरपी तक्ता पाहावा आणि त्यातील मॅक पत्ता सर्व्हरच्या प्रत्यक्ष मॅक पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही भिन्न असल्यास संघर्ष असण्याची दाट शक्यता असते.
३. काम थांबवून सर्व्हरची केबल काढावी, एआरपी तक्ता रिकामा करावा आणि सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग करावे. पिंगला उत्तर मिळाले नाही, तरी तक्त्यात नवा मॅक पत्ता नोंदला गेल्यास तो पत्ता दुसरे उपकरण वापरत आहे, हे सिद्ध होते.
४. मॅक पत्त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून सामान्यतः उत्पादक ओळखता येतो. षोडशमान पद्धतीने लिहिलेल्या पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असल्यास तो पत्ता उत्पादकाने दिलेला नसून सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. अलीकडील मोबाइल फोन असे पत्ते वापरतात.
५. व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचच्या मॅक तक्त्यावरून उपकरण कोणत्या पोर्टवर आहे, ते कळते. साध्या स्विचवर एकेक केबल काढून पिंग किंवा एआरपीचे उत्तर केव्हा थांबते, हे पाहावे लागते.

सारखी लक्षणे असलेले बिघाड

अनियमित संपर्कभंगाची इतरही कारणे असतात. विंडोजची फाइल सेवा निष्क्रिय जोडणी मूळ मांडणीनुसार १५ मिनिटांनी बंद करते. या वेळी ठरावीक कालावधी दिसून येतो आणि फाइल उघडताच जोडणी पुन्हा प्रस्थापित होते. केबलच्या एका टोकाला वेग व पूर्ण डुप्लेक्स हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या टोकाला स्वयंचलित असल्यास दुसरे टोक अर्ध डुप्लेक्स निवडते. अशा वेळी पिंग चालते, पण मोठ्या फायली पाठवताना वेग कोसळतो. सैल किंवा खराब केबलमुळे स्विचवरील त्या पोर्टचा दिवा मधूनमधून विझतो. पत्ता संघर्षात मात्र हा दिवा अखंड चालू राहतो.

निवारण व प्रतिबंध

दुसऱ्या उपकरणाचा पत्ता बदलल्यावर संघर्ष संपतो. तथापि मूळ मांडणी तशीच राहिल्यास तो पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून सर्व्हरचा पत्ता वाटपाच्या कक्षेबाहेर ठेवला जातो किंवा डीएचसीपीमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवला जातो. उदाहरणार्थ, वाटपाची कक्षा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० अशी ठेवून सर्व्हर व प्रिंटर यांना १०० पेक्षा लहान क्रमांक देता येतात. स्थिर पत्त्यांची लेखी यादी ठेवणेही उपयुक्त ठरते. डीएचसीपी स्नूपिंगची सोय असलेले स्विच अनधिकृत डीएचसीपी सेवेची उत्तरे अडवतात.

स्वयंचलित शोध

आरएफसी ५२२७ (२००८) नुसार उपकरणाने पत्ता वापरण्यापूर्वी एआरपीद्वारे त्याची चाचणी घ्यावी आणि नंतरही संघर्षावर लक्ष ठेवावे. आयपीव्ही६ मध्ये अशी दुबार पत्त्याची तपासणी आरएफसी ४८६२ (२००७) मध्ये सांगितली आहे.

सुरक्षा

एआरपीच्या उत्तरांची खातरजमा होत नसल्याने खोटी उत्तरे पाठवून सर्व्हरकडे जाणारी माहिती हेतुपुरस्सर वळवता येते. या हल्ल्याला एआरपी स्पूफिंग म्हणतात. त्याची लक्षणे पत्ता संघर्षासारखी दिसू शकतात. म्हणून अनोळखी मॅक पत्ता आढळल्यास ते उपकरण प्रत्यक्ष शोधणे आवश्यक ठरते.