वरणगावचं शेत क्युबात दिसलं तर? समजून घ्या अधिक-उण्याचं गणित

वरणगाव (ता. भुसावळ) : मोबाईलच्या नकाशात वरणगावचं ठिकाण साधारण 21.0, 75.9 असं दिसतं. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. दुसऱ्या आकड्याआधी चुकून उणे चिन्ह पडलं तर नकाशा थेट क्युबा देशाच्या पूर्व भागात नेऊन ठेवतो. पहिल्याआधी पडलं तर हिंदी महासागरात. दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली तर उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रात! पिकाचा फोटो, विहीर, शेततळं यांचं ठिकाण मोबाईलवर नोंदवायची वेळ आता शेतकऱ्यावर वारंवार येते. त्यामुळे पोरांच्या पुस्तकातला हा धडा मोठ्यांनीही एकदा बघून घेतलेला बरा.

वरणगावचं बसस्टँड शून्य धरा. महामार्गाने मुक्ताईनगरकडे 5 किलोमीटर गेलं तर +5, भुसावळकडे 5 किलोमीटर गेलं तर −5. दोन्हीकडे चालणं सारखंच, फक्त दिशा उलटी. म्हणजे उणे म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे. आणि −7 हा −3 पेक्षा लहान असतो. इथे बरीच पोरं चुकतात. 7 हजारांची उधारी असलेला माणूस 3 हजारांवाल्यापेक्षा जास्त खाली असतो, हे मात्र सांगावं लागत नाही.

आता पूर्व-पश्चिम रेषेवर दुसरी उत्तर-दक्षिण रेषा उभी काढा. पहिली क्ष-अक्ष, दुसरी य-अक्ष. दोन्ही जिथे कापतात तो आरंभबिंदू, आणि तयार झालेले चार भाग म्हणजे चार चरण. हतनूर धरण ईशान्येला, पहिल्या चरणात; दोन्ही आकडे अधिक. फैजपूर वायव्येला, दुसऱ्यात. क्ष उणे, य अधिक. जामनेर तिसऱ्यात, दोन्ही उणे. बोदवड चौथ्यात. पुस्तकात क्ष आधी लिहितात, य नंतर. नकाशात मात्र अक्षांश, म्हणजे उत्तर-दक्षिणेचा आकडा, आधी येतो. अदलाबदल होते ती इथेच. नकाशाचं शून्य विषुववृत्तावर आणि इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या रेषेवर आहे. भारत त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला, म्हणून आपल्या शेताचे दोन्ही आकडे कायम अधिकच असतात.

उणे म्हणजे उलटी दिशा, हे भास्कराचार्यांनी इ.स. 1150 च्या 'लीलावती'त सांगून ठेवलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. लीलावतीत एक त्रिकोण दिला आहे. पाया 9, बाजू 10 आणि 17. वरच्या टोकापासून ओळंबा सोडला तर तो पायाच्या कोणत्या बिंदूवर पडेल? हिशोब केला की पायाचे दोन तुकडे निघतात, 15 आणि उणे 6. दुसरा कोणी असता तर उत्तर चुकलं म्हणून पाटी पुसली असती. भास्कराचार्यांनी सांगितलं, हा तुकडा उलट दिशेला आहे. म्हणजे ओळंबा पायावर पडतच नाही, पाया 6 ने मागे वाढवावा लागतो. आलेखाच्या कागदावर पाया (0, 0) पासून (9, 0) पर्यंत काढा, टोक (−6, 8) वर येतं. पडताळा सोपा आहे : 6 चा वर्ग 36, 8 चा 64, बेरीज 100, म्हणजे बाजू 10. दुसरीकडे 225 अधिक 64 म्हणजे 289, बाजू 17. आलेखाची ही पद्धत युरोपात देकार्तच्या 1637 च्या पुस्तकातून पुढे आली.

'धन' आणि 'ऋण' हे शब्द तर त्याहून जुने. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये त्यांचे नियम लिहिले. ऋण गुणिले ऋण धन कसं, हे पोरांना पटत नाही. 500 रुपयांचा हप्ता म्हणजे −500. असे 3 हप्ते माफ झाले, म्हणजे 3 वेळा काढून टाकले, तर −500 × −3 = +1500. खिशात नवा पैसा आला नाही, पण हिशोब 1500 ने वर आला. कर्जमाफी झालेल्याला हे लवकर समजेल.

ठिकाण नोंदवल्यावर 'सेव्ह' दाबण्याआधी दोन गोष्टी बघा : पहिला आकडा 21 च्या आसपास, दुसरा 75-76 च्या आसपास, आणि दोन्हीआधी उणे चिन्ह नाही. भुसावळ, मुक्ताईनगर, बोदवड, यावल, जामनेर या सगळ्या तालुक्यांना हेच लागू आहे.