भाडेपट्ट्याची मुदतवाढ : ८० वर्षांची मेख

इंग्लंड व वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकले जातात. मुदत संपली की मालकी जमीनमालकाकडे परत जाते. १९९३च्या कायद्याने फ्लॅटधारकाला मोबदला देऊन उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घालून घेण्याचा हक्क दिला. भुईभाडेही नाममात्र होते. मेख आहे ती मोबदल्यात. शिल्लक मुदत ८० वर्षांहून अधिक नसेल, तर मुदतवाढीमुळे वाढणाऱ्या किमतीचा, अर्थात ‘मॅरेज व्हॅल्यू’चा, निम्मा वाटा या कायद्यानुसार जमीनमालकाला द्यावा लागतो. हिशेब नोटीस बजावल्याच्या दिवसाचा धरतात. साहजिकच ८१ वर्षे उरली असता केलेली चालढकल महागात पडते. हा वाटा रद्द करून ९९० वर्षांची मुदतवाढ देणारा कायदा २०२४मध्ये संमत झाला, पण या तरतुदी लगेच अमलात आल्या नाहीत. दोन वर्षे मालकी असण्याची जुनी अट तेवढी ३१ जानेवारी २०२५पासून गेली.