मुंबई ते लंडन : अंतर, वाट आणि वेळ

मुंबई आणि लंडन यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावरील दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा, जिला महावृत्तीय रेषा म्हणतात, तिच्यावर हे अंतर मोजले जाते. परंतु प्रवाशाला प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर इंधन, वारे आणि वाटेवरील राज्यसत्ता यांच्यावर अवलंबून राहिले.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सुमारे २०,००० किलोमीटर जावे लागे आणि मोसमी वाऱ्यांच्या कलाप्रमाणे या सफरीला चार ते सहा महिने लागत. वाफेच्या शक्तीने ही वाट तांबड्या समुद्राकडे वळवण्याचा पहिला प्रयत्न मुंबईच्या गोदीतच बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या जहाजाने केला. २० मार्च १८३० रोजी ते निघाले, तेव्हा एडनपर्यंतच्या पल्ल्यासाठी कोठारे अपुरी पडल्यामुळे प्रवाशांच्या केबिनमध्येही कोळसा भरलेला होता, आणि सुएझ गाठायला त्याला महिनाभर लागला. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर सागरी अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून ‘मोरिया’ बोटीने धाडलेले स्वातंत्र्यवीर सावरकर मार्सेलिसचा मुक्काम आणि एडनला झालेला बोटबदल धरून २२ जुलैला मुंबईत पोहोचले. त्या काळी हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा होता, हे यावरून दिसते.

विमानसेवा सुरू झाली तीही तुकड्यातुकड्यांनी. ‘इम्पीरियल एअरवेज’ने मार्च १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू केली, तिला सात दिवस लागत आणि त्यातला बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने पार करावा लागे. कराचीहून पुढची टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर आणली. स्वतंत्र भारताच्या ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’चे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले, आणि आठवड्यांचा हिशेब तासांवर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने या मार्गावर आल्यानंतर उड्डाणाचा वेळ आणखी घटला.

आज न थांबता जाणाऱ्या विमानाला सुमारे साडेनऊ ते दहा तास लागतात, तर परतीचा प्रवास त्याहून थोड्या वेळात होतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, म्हणजेच जेट प्रवाह, परतणाऱ्या विमानाला रेटा देतात. तरीही हा वेळ केवळ यंत्राच्या हाती नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना जुलैपर्यंत लांबचा वळसा घ्यावा लागला. या मार्गाचा इतिहास हेच सिद्ध करतो की, प्रवासाचा वेळ यंत्राच्या वेगाइतकाच वाट मोकळी असण्यावर ठरतो, आणि वाट मोकळी ठेवणे हे अभियंत्यांइतकेच राज्यकर्त्यांचेही कर्तव्य आहे.